ग्रेनेडा : भूगोल, राज्यकारभार आणि अर्थव्यवस्था – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रेनेडा या छोट्या कॅरिबियन देशाविषयी मराठी वाचक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. कोणाला जायफळामुळे कुतूहल असते, कोणी परदेशी पासपोर्टाची जाहिरात पाहिलेली असते, तर कोणाला नीरज चोप्राच्या बरोबरीने भाला फेकणारा अँडरसन पीटर्स कोणत्या देशाचा आहे हे जाणून घ्यायचे असते. सुरुवातीला प्राथमिक माहिती आहे आणि पुढे गुंतागुंतीचे प्रश्न आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ग्रेनेडा नेमका कुठे आहे आणि केवढा आहे?

कॅरिबियन समुद्राच्या पूर्व कडेला बेटांची जी कमान आहे, तिच्या दक्षिण टोकाजवळ, सुमारे १२ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे केरळातल्या कण्णूरच्या जवळपासच्या अक्षांशावर ग्रेनेडा आहे. उत्तरेला सेंट व्हिन्सेंट, दक्षिणेला त्रिनिदाद आणि त्याच बाजूला साधारण १६० किलोमीटरवर व्हेनेझुएलाचा किनारा आहे. देशाचे एकूण क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीपेक्षाही कमी. लोकसंख्या एक लाखाच्या वर आणि सव्वा लाखाच्या आत आहे. राजधानी सेंट जॉर्जेस नैऋत्य किनाऱ्यावर, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या एका नैसर्गिक बंदराभोवती वसलेली आहे. तेथील घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे असते.

२. ग्रेनेडा हे एकच बेट आहे का? ‘ग्रेनेडीन्स’ म्हणतात ती बेटे याच देशाची आहेत का?

देशात तीन वस्तीची बेटे आहेत : मुख्य बेट ग्रेनेडा, त्याच्या उत्तरेला कॅरियाकू आणि कॅरियाकूजवळचे चिमुकले पेटिट मार्टिनिक. ग्रेनेडीन्स ही मात्र दोन देशांत विभागलेली बेटांची माळ आहे. कॅरियाकू आणि पेटिट मार्टिनिक ग्रेनेडाकडे आहेत, तर बेक्विया, मस्टीक, युनियन आदी बेटे ‘सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडीन्स’ या शेजारी देशाकडे आहेत. पेटिट मार्टिनिक आणि पेटिट सेंट व्हिन्सेंट यांच्यामध्ये समुद्राची अगदी अरुंद पट्टी आहे आणि आंतरराष्ट्रीय सीमा त्या पट्टीतून जाते. दोन्हीकडच्या कोळ्यांचे नातेसंबंध या सीमेपेक्षा जुने आहेत. कॅरियाकू आणि पेटिट मार्टिनिक येथे लाकडी होड्या हाताने बांधण्याची परंपरा अजून टिकून आहे, आणि तातडीने जतन करण्याजोगा वारसा म्हणून युनेस्कोने २०२३ मध्ये तिची नोंद केली आहे. या दोन बेटांच्या कारभाराविषयी प्रश्न १७ पाहा.

३. तेथील डोंगर, पाऊस आणि पाण्याची स्थिती कशी आहे?

मुख्य बेट ज्वालामुखीतून तयार झाले असून त्याचा मधला भाग उंच आणि जंगलाने झाकलेला आहे. माउंट सेंट कॅथरीन हे ८४० मीटर उंचीचे शिखर सर्वोच्च आहे. ग्रँड एटँग हा जुन्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेला तलाव असून त्याच्या भोवतीचे वन संरक्षित आहे. जून ते डिसेंबर हा पावसाचा आणि जानेवारी ते मे हा कोरडा काळ असतो. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे डोंगरावर चढतात, त्यामुळे मधल्या भागात भरपूर पाऊस पडतो, तर नैऋत्येचे टोक, जेथे विमानतळ आणि बहुतेक हॉटेले आहेत, ते तुलनेने कोरडे राहते.

कॅरियाकूची गोष्ट वेगळी आहे. तेथे बारमाही नदी नाही. घरांच्या छपरांवरून पावसाचे पाणी टाक्यांत उतरवून तेच वर्षभर वापरण्याची पद्धत आहे. त्यामुळे चक्रीवादळात छप्पर उडाले की निवाऱ्याबरोबर पाणीपुरवठाही तुटतो. जुलै २०२४ मध्ये नेमके हेच झाले (प्रश्न ५).

४. ग्रेनेडाजवळ समुद्राखाली जागा ज्वालामुखी आहे, हे खरे आहे का?

होय. त्याचे नाव किक-एम-जेनी. तो मुख्य बेटाच्या उत्तरेला सुमारे ८ किलोमीटरवर आहे आणि त्याचे शिखर समुद्रसपाटीच्या खाली सुमारे १८० ते २०० मीटरवर आहे. त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद १९३९ मधली आहे आणि एप्रिल २०१७ मध्येही तो जागा झाला होता. उद्रेक होत नसतानाही त्यातून वायूचे बुडबुडे येत असतात. पाण्यात वायू मिसळला की पाण्याची घनता घटते आणि जहाजाला पुरेसा आधार मिळत नाही, म्हणून त्याच्या वरच्या समुद्रात दीड किलोमीटर त्रिज्येचे निषिद्ध क्षेत्र कायम ठेवलेले आहे. धोक्याची पातळी वाढली की हे क्षेत्र पाच किलोमीटरपर्यंत वाढवले जाते. ग्रेनेडा आणि कॅरियाकू यांच्यात रोज जाणाऱ्या बोटी हे क्षेत्र टाळून जातात. ज्वालामुखीवर देखरेख त्रिनिदादमधील वेस्ट इंडीज विद्यापीठाचे भूकंप संशोधन केंद्र करते.

५. ग्रेनेडा हरिकेनच्या पट्ट्याच्या खाली आहे असे वाचले होते. मग तेथे एवढे नुकसान कसे झाले?

दक्षिणेकडच्या अक्षांशामुळे ग्रेनेडाला हरिकेनचा तडाखा उत्तरेकडच्या बेटांपेक्षा कमी वेळा बसतो, एवढेच त्या म्हणण्यात तथ्य आहे. १९५५ च्या ‘जॅनेट’नंतर जवळजवळ अर्धे शतक मोठा आघात झाला नाही आणि एक पिढी त्या भरवशावर घरे बांधत राहिली. ७ सप्टेंबर २००४ रोजी ‘आयव्हन’ हरिकेनने ३९ बळी घेतले, दहापैकी जवळजवळ नऊ घरांचे नुकसान केले आणि देशाच्या वार्षिक सकल उत्पादनाच्या सुमारे दुप्पट हानी केली. ज्या देशाचे सगळे उत्पन्न एकाच बेटावर एकवटलेले असते, त्याला ‘एका भागाचे नुकसान’ अशी सवलत मिळत नाही, हे त्या एका दिवसाने दाखवले. दहा महिन्यांनी, जुलै २००५ मध्ये, दुरुस्ती चालू असतानाच ‘एमिली’ हरिकेन आले.

१ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ हरिकेन चौथ्या श्रेणीच्या ताकदीने थेट कॅरियाकूवर धडकले. मुख्य बेटाचा उत्तर भाग सोडला तर देश बचावला, परंतु कॅरियाकू आणि पेटिट मार्टिनिकवरील जवळजवळ प्रत्येक इमारतीला फटका बसला. दुसऱ्या दिवशी हेच वादळ पाचव्या श्रेणीत गेले. अटलांटिक महासागरात वर्षाच्या इतक्या सुरुवातीला त्या श्रेणीचे वादळ पूर्वी कधी नोंदले गेले नव्हते. वादळानंतर पैसा कोठून येतो, याचे उत्तर प्रश्न १४ मध्ये आहे.

६. तेथे भारतीय वंशाचे लोक आहेत का? त्यांत मराठी कोणी आहेत का?

बहुसंख्य लोक आफ्रिकन वंशाचे आहेत, गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज. गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली आणि १८३८ मध्ये सक्तीच्या उमेदवारीचा (मुक्त झालेल्यांनी जुन्या मालकांकडेच काम करण्याचा) काळही संपला, तेव्हा उसाच्या मळ्यांना मजूर मिळेनासे झाले. ‘मेडस्टोन’ नावाचे जहाज कलकत्त्याहून भारतीय करारबद्ध मजुरांना घेऊन १ मे १८५७ रोजी ग्रेनेडाला पोहोचले. पुढच्या तीनेक दशकांत असे तीन हजारांहून अधिक मजूर आले. जहाजे कलकत्त्याहून सुटत असल्यामुळे हे लोक मुख्यतः उत्तर आणि पूर्व भारतातले होते. मॉरिशसमध्ये जसा मराठी समाज घडला तसा तो येथे घडला नाही. त्रिनिदाद किंवा गयानाच्या मानाने ही संख्या फार लहान होती, त्यामुळे भारतीय वंशाचे लोक लवकरच बाकीच्या समाजात मिसळले आणि भाषाही मागे पडल्या. अधिकृत भाषा इंग्रजी आहे. काही वृद्धांच्या तोंडी फ्रेंचवर आधारलेली पात्वा बोली अजून ऐकू येते, कारण १७६३ मध्ये ब्रिटनकडे जाण्यापूर्वी हे बेट फ्रेंचांची वसाहत होते.

७. ग्रेनेडात राजा आहे की पंतप्रधान? देश चालवतो कोण?

दोघेही आहेत, कारभार पंतप्रधान चालवतात. ग्रेनेडा ७ फेब्रुवारी १९७४ रोजी स्वतंत्र झाला, परंतु त्याने ब्रिटिश राजपदाला आपले राजपद म्हणून कायम ठेवले. त्यामुळे राजे चार्ल्स तिसरे हे ग्रेनेडाचे राष्ट्रप्रमुख आहेत आणि त्यांच्या वतीने गव्हर्नर-जनरल काम पाहतात. २०१३ मध्ये नेमणूक झालेल्या डेम सेसिल ला ग्रेनेड या त्या पदावरच्या पहिल्या महिला.

संसदेची दोन सभागृहे आहेत. प्रतिनिधिगृहात १५ मतदारसंघांतून निवडलेले सदस्य असतात; ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, हा नियम आपल्या लोकसभेसारखाच आहे. सिनेटमध्ये १३ नियुक्त सदस्य असतात : सात पंतप्रधानांच्या सल्ल्याने, तीन विरोधी पक्षनेत्याच्या सल्ल्याने, आणि तीन विविध समाजघटकांशी विचारविनिमय करून पंतप्रधानांनी सुचवलेले. मुदत पाच वर्षांची असते. जून २०२२ च्या निवडणुकीत डिकॉन मिचेल यांच्या नॅशनल डेमोक्रॅटिक काँग्रेसने १५ पैकी ९ जागा जिंकल्या आणि कीथ मिचेल यांच्या न्यू नॅशनल पार्टीची सत्ता गेली. आडनाव एकच असल्याने वाचकांचा गोंधळ होतो, म्हणून पक्ष लक्षात ठेवावेत.

८. एका पक्षाने सगळ्याच जागा जिंकल्या तर विरोधी पक्षनेता कोण होतो?

हा प्रश्न तेथे तीन वेळा प्रत्यक्षात उभा राहिला आहे. १९९९, २०१३ आणि २०१८ या तिन्ही निवडणुकांत न्यू नॅशनल पार्टीने १५ च्या १५ जागा जिंकल्या. विरोधकांना मते मिळाली नव्हती असे नाही. ती सर्व मतदारसंघांत अशी विखुरली होती की एकाही ठिकाणी ती पहिल्या क्रमांकाची ठरली नाहीत. छोट्या सभागृहात ‘सर्वाधिक मते तो विजयी’ हा नियम किती टोकाचा निकाल देऊ शकतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते.

विरोधी पक्षनेता निवडलेल्या सदस्यांतूनच व्हावा लागतो, म्हणून असा निकाल लागला की ते पद रिकामे राहते. अशा वेळी सिनेटमधल्या विरोधी बाजूच्या तीन जागा गव्हर्नर-जनरल स्वतःच्या विवेकाने भरतात. २०१८ मध्ये निवडणुकीनंतर थोड्याच आठवड्यांत सत्ताधारी पक्षाचे टोबायस क्लेमेंट यांनी बाजू बदलली आणि तेच विरोधी पक्षनेते झाले. म्हणजे सरकारला प्रश्न विचारणारा माणूसही सरकारच्याच यादीवर निवडून आलेला होता. विरोधी पक्षनेत्याची नेमणूक निश्चित करणारी घटनादुरुस्ती २०१६ च्या सार्वमतात ठेवली होती. ती का फेटाळली गेली ते प्रश्न ११ मध्ये पाहा.

९. १९८३ मध्ये अमेरिकेने ग्रेनेडावर हल्ला का केला होता?

एरिक गेरी हे स्वातंत्र्याच्या वेळचे पंतप्रधान. त्यांची राजवट अधिकाधिक दडपशाहीची होत गेली आणि १३ मार्च १९७९ रोजी मॉरिस बिशप यांच्या न्यू ज्युवेल मूव्हमेंटने ती उलथून टाकली. क्रांतिकारी सरकारने राज्यघटना स्थगित केली आणि निवडणुका घेतल्या नाहीत. त्याच वेळी साक्षरता आणि आरोग्य यांवर त्याने मनापासून काम केले आणि क्युबाच्या मदतीने पॉइंट सलीन्स येथे मोठ्या विमानतळाचे काम सुरू केले. लांब धावपट्टी लष्करी वापरासाठी आहे असा अमेरिकेचा आरोप होता. ती पर्यटनासाठी आहे असे ग्रेनेडाचे म्हणणे होते.

ऑक्टोबर १९८३ मध्ये पक्षातच फूट पडली. बिशप यांना नजरकैदेत ठेवण्यात आले, लोकांनी त्यांना सोडवले आणि १९ ऑक्टोबरला सेंट जॉर्जेसच्या किल्ल्यात त्यांना सहकाऱ्यांसह गोळ्या घालण्यात आल्या. २५ ऑक्टोबरला अमेरिकी फौजा उतरल्या. तेथे शिकणाऱ्या अमेरिकी वैद्यकीय विद्यार्थ्यांची सुरक्षितता हे एक कारण सांगितले गेले आणि पूर्व कॅरिबियन देशांच्या विनंतीचाही आधार घेतला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या कारवाईचा निषेध केला. डिसेंबर १९८४ मध्ये निवडणुका होऊन हर्बर्ट ब्लेझ पंतप्रधान झाले. वादातला विमानतळ १९८४ मध्येच सुरू झाला, २००९ पासून त्याला मॉरिस बिशप यांचे नाव आहे, आणि देशाचे पर्यटन त्याच धावपट्टीवर उभे आहे.

या घटनांचे दोन अर्थ तेथे आजही शेजारी नांदतात. २५ ऑक्टोबरला आभारदिनाची सुट्टी असते आणि २०२३ पासून १९ ऑक्टोबरही राष्ट्रीय वीर दिन म्हणून पाळला जातो. बाहेरच्या वाचकाने यांतला एकच दिवस खरा मानण्याची घाई करू नये.

१०. ग्रेनेडाकडे सैन्य आहे का?

नाही. रॉयल ग्रेनेडा पोलीस दल, त्यातील विशेष तुकडी आणि तटरक्षक विभाग यांवर काम चालते. मोठ्या संकटात शेजारी देशांच्या सामायिक प्रादेशिक सुरक्षा व्यवस्थेकडून मदत मिळते. तिचे मुख्यालय बार्बाडोसमध्ये आहे.

११. देशाचे सर्वोच्च न्यायालय लंडनमध्ये आहे, हे खरे आहे का? स्वतंत्र देशाने असे का ठेवले?

खरे आहे. खालची न्यायालये देशात आहेत. त्यांच्या वर सेंट लुसियातील कॅस्ट्रीज येथे मुख्यालय असलेले पूर्व कॅरिबियन सर्वोच्च न्यायालय आहे, जे अनेक बेटांचे सामायिक न्यायालय आहे. आणि शेवटचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीकडे जाते. क्रांतीनंतर ग्रेनेडा या सामायिक न्यायालयातून बाहेर पडला होता आणि १९९१ मध्ये परतला.

लंडनऐवजी पोर्ट ऑफ स्पेन येथील कॅरिबियन कोर्ट ऑफ जस्टिसकडे अपील नेण्याचा प्रस्ताव दोन वेळा लोकांसमोर ठेवला गेला. नोव्हेंबर २०१६ मध्ये तो सात घटनादुरुस्त्यांपैकी एक होता आणि सातही फेटाळल्या गेल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो एकटा ठेवला, तेव्हाही निम्म्याहून अधिक मते विरोधात पडली. अशा दुरुस्तीला वैध मतांपैकी दोन-तृतीयांश मते लागतात, आणि दोन्ही वेळा मतदानच ३५ टक्क्यांच्या आत राहिले. ‘लोकांना लंडनच हवे आहे’ असा सरळ अर्थ यातून काढणे मला योग्य वाटत नाही. छोट्या देशात न्यायाधीश आणि राजकारणी एकमेकांना ओळखत असतात, म्हणून दूरचे न्यायालय सुरक्षित वाटणारे लोक होते, तसेच सरकारवरचा राग मतपेटीतून व्यक्त करणारेही होते.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा : कॅरिकॉम या प्रादेशिक संघटनेच्या मूळ कराराच्या अर्थाविषयीचे वाद ग्रेनेडाच्या बाबतीतही कॅरिबियन कोर्ट ऑफ जस्टिसच ऐकते.

१२. तेथे कोणते चलन चालते? सरकार स्वतः नोटा छापू शकते का?

पूर्व कॅरिबियन डॉलर हे चलन चालते आणि ग्रेनेडा सरकार ते छापू शकत नाही. सहा स्वतंत्र देश आणि अँग्विला व माँटसेराट हे दोन ब्रिटिश प्रदेश अशा आठ ठिकाणांचे हे सामायिक चलन आहे. त्याची मध्यवर्ती बँक १९८३ मध्ये स्थापन झाली असून ती सेंट किट्सच्या बास्तेर शहरात आहे. १९७६ पासून एका अमेरिकी डॉलरला २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर हा दर बदललेला नाही. चलनाच्या मागे किमान ६० टक्के परकीय गंगाजळी असलीच पाहिजे असा नियम आहे, आणि प्रत्यक्षात ती बरीच जास्त ठेवली जाते.

याचा फायदा असा की चलन घसरण्याची भीती सामान्य माणसाला नसते. दुसरी बाजू अशी की संकटात चलनाचे अवमूल्यन करून निर्यात वाढवणे किंवा नोटा छापून खर्च भागवणे हे मार्ग सरकारला बंद आहेत. त्याच्या हातात कर, खर्च आणि कर्ज एवढेच उरते.

१३. देशाची कमाई कशावर होते? अजूनही जायफळावरच का?

जायफळ ध्वजावर आहे, परंतु कमाईत आता ते मागे आहे. वार्षिक सकल उत्पादन साधारण १३० ते १४० कोटी अमेरिकी डॉलरचे आहे आणि त्यात सर्वांत मोठा वाटा सेवांचा आहे : पर्यटन, बांधकामाशी जोडलेले व्यवसाय आणि १९७६ मध्ये स्थापन झालेले खासगी सेंट जॉर्जेस विद्यापीठ. या विद्यापीठातले हजारो परदेशी विद्यार्थी घरे भाड्याने घेतात, बाजारहाट करतात आणि पर्यटनाचा हंगाम नसतानाही पैसा फिरता ठेवतात. त्याखेरीज परदेशी गेलेल्या नातेवाइकांकडून येणारे पैसे, विमानाने अमेरिकेला जाणारा ताजा ट्यूना मासा आणि कोको हेही महत्त्वाचे आहेत. खाद्यपदार्थ, इंधन आणि बांधकामाचे सामान बहुतांशी आयात होते, म्हणून सरकारी महसूलही मोठ्या प्रमाणात बंदरावरचे शुल्क आणि १५ टक्के दराचा मूल्यवर्धित कर यांवर अवलंबून आहे.

जायफळाबद्दल थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण सर्वाधिक पत्रे त्याविषयी येतात. आग्नेय आशियातून हे झाड १८४३ च्या सुमारास ग्रेनेडात आले. गुलामगिरी संपल्यानंतर स्वतःचा जमिनीचा तुकडा मिळवलेल्या लहान शेतकऱ्याला ते सोयीचे ठरले, कारण एकदा झाड धरले की उसासारखा मोठा मजूरवर्ग लागत नाही. पडलेली फळे गोळा करायची, जायपत्री सोडवायची आणि केंद्रावर न्यायची. १९४७ मध्ये स्थापन झालेली जायफळ उत्पादकांची सहकारी संस्था माल घेताना आगाऊ रक्कम देते आणि विक्रीनंतर उरलेला वाढावा नंतर वाटते. संस्थेच्या केंद्रांत कवचासकट जायफळे लाकडी फळ्यांवर आठवडेच्या आठवडे सुकवतात, मग फोडून पाण्यात टाकतात. बुडतात ती मसाल्याची, तरंगतात ती तेलाची. आयव्हनपूर्वी इंडोनेशियाच्या खालोखाल जायफळ पिकवणारा देश ग्रेनेडा होता.

आयव्हनने बहुसंख्य झाडे पाडली. रोपापासून वाढवलेले जायफळ पाच ते सात वर्षांनी फळू लागते आणि भरात यायला पंधरा-वीस वर्षे घेते. शिवाय नर आणि मादी झाडे वेगळी असून फुले येईपर्यंत ती ओळखता येत नाहीत. वयाची साठी ओलांडलेला शेतकरी वीस वर्षांच्या पिकावर पुन्हा पैसा घालत नाही, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. कोकणातल्या बागायतदारांना ही स्थिती कळेल : नारळ-सुपारीच्या वाड्यांत जायफळ हे आंतरपीक म्हणून लावतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ यांसारख्या जाती दिल्या आहेत, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या अनेक वाड्या आडव्या केल्या. ग्रेनेडात कोको तुलनेने लवकर सावरला. जायफळाचे उत्पादन मात्र आयव्हनपूर्वीच्या पातळीवर परत आलेले नाही.

१४. एवढ्या छोट्या देशाने वादळानंतरचे कर्ज कसे फेडले? ‘हरिकेन कलम’ म्हणजे काय?

पूर्ण फेडले नाही. आयव्हननंतर घेतलेली कर्जे, २००८ ची जागतिक मंदी आणि घटलेले पर्यटन यांमुळे कर्ज सकल उत्पादनाच्या १०० टक्क्यांवर गेले आणि मार्च २०१३ मध्ये सरकारने परतफेड थांबवून फेररचना मागितली. २०१४ पासून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कार्यक्रमाखाली खर्च आवळला गेला, २०१५ मध्ये वित्तीय जबाबदारीचा कायदा झाला आणि रोखेधारकांनी मुद्दलातला निम्मा भाग टप्प्याटप्प्याने सोडला. २०१९ पर्यंत कर्ज ६० टक्क्यांच्या आसपास आले. ही शिस्त सोपी नव्हती. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांच्या वेतनवाढी थांबल्या, आणि तिची किंमत सामान्य घरांनी दिली.

२०१५ च्या त्या फेररचनेत ग्रेनेडाने एक नवी अट, म्हणजेच ‘हरिकेन कलम’, घालून घेतली : ठरावीक तीव्रतेचे हरिकेन आले तर पुढचे हप्ते काही काळ लांबवता येतील. बेरिलनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, देशाने ही अट वापरली. खासगी रोखेधारकांच्या बाबतीत ती अशी वापरणारा हा पहिलाच देश. येथे एक बारकावा आहे : रक्कम माफ होत नाही, ती मुद्दलात मिळवून पुढे ढकलली जाते. पण वादळानंतरच्या पहिल्या महिन्यांत, जेव्हा छप्परे, पाणी आणि शाळा यांसाठी रोख पैसा लागतो, तेव्हा तो हाताशी राहतो.

दुसरा आधार म्हणजे आयव्हनच्या अनुभवानंतर २००७ मध्ये उभा राहिलेला कॅरिबियन देशांचा सामायिक आपत्ती विमा निधी. तो प्रत्यक्ष नुकसानीचा पंचनामा होण्याची वाट पाहत नाही. वाऱ्याचा वेग, वादळाचा मार्ग अशा मोजमापांवरून रक्कम ठरते आणि ती दोन-तीन आठवड्यांत मिळते. बेरिलनंतर ग्रेनेडाला या निधीतून ४ कोटी अमेरिकी डॉलरपेक्षा अधिक रक्कम मिळाली. चलन, न्यायालय, सुरक्षा आणि विमा या चारही गोष्टी शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतल्या नसत्या, तर एवढ्या लोकसंख्येला यांतली एकही पेलली नसती असे माझे स्पष्ट मत आहे.

१५. पैसे गुंतवून ग्रेनेडाचे नागरिकत्व मिळते का? भारतीय पासपोर्ट ठेवून ते घेता येते का?

पहिल्या भागाचे उत्तर होय, दुसऱ्याचे नाही. २०१३ च्या कायद्याने गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देण्याची योजना सुरू झाली. २०२४ मध्ये ग्रेनेडासह चार देशांनी किमान रक्कम २ लाख अमेरिकी डॉलर ठरवली. सरकारच्या महसुलात या पैशाचा वाटा मोठा आहे, आणि तो परदेशी दबावावर व अर्जदारांच्या ओघावर अवलंबून असल्याने अस्थिरही आहे.

भारतीय वाचकांनी दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते आणि भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. नंतर मिळू शकणारे ‘ओसीआय’ कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्याने मतदानाचा हक्क मिळत नाही आणि शेतजमीन खरेदी करता येत नाही. दुसरे, ग्रेनेडाचा अमेरिकेशी ई-२ (गुंतवणूकदारांसाठीच्या) व्हिसाचा करार असल्याची जाहिरात केली जाते. करार खरा आहे, परंतु डिसेंबर २०२२ च्या अमेरिकी कायद्यानुसार गुंतवणुकीतून नागरिक झालेल्या व्यक्तीला त्या व्हिसासाठी आधी ग्रेनेडात सलग तीन वर्षे वास्तव्य दाखवावे लागते. ही अट जाहिरातीत बहुधा सांगितली जात नाही.

१६. तेथे वैद्यकीय शिक्षण घेतले तर भारतात डॉक्टरकी करता येते का?

विद्यापीठाच्या नावावरून ते ठरत नाही. परदेशी वैद्यकीय पदवीविषयीच्या भारताच्या २०२१ च्या नियमांत किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि पदवी देणाऱ्या देशात व्यवसायाचा परवाना मिळण्याची पात्रता अशा अटी आहेत. शिवाय ‘नीट’ पात्रता आणि परतल्यावरची परीक्षा आहेच. सेंट जॉर्जेस विद्यापीठाचा अभ्यासक्रम मुख्यतः अमेरिकी पद्धतीला अनुसरून बेतलेला आहे आणि त्याचे विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्णालयातले शिक्षण बहुधा अमेरिका किंवा ब्रिटनमध्ये घेतात. म्हणून प्रवेशापूर्वी यांतली प्रत्येक अट लेखी पडताळून पाहावी.

१७. कॅरियाकू आणि पेटिट मार्टिनिक यांना स्वतःचे स्थानिक सरकार आहे का?

निवडून आलेले स्थानिक सरकार देशात कोठेच नाही. मुख्य बेटावरचे सहा परगणे, म्हणजे सेंट जॉर्ज, सेंट अँड्र्यू, सेंट डेव्हिड, सेंट जॉन, सेंट मार्क आणि सेंट पॅट्रिक, हे प्रशासन आणि ओळख यांपुरते आहेत. कॅरियाकू आणि पेटिट मार्टिनिक मिळून संसदेत एक जागा आहे आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र मंत्रालय आहे. राज्यघटनेत या बेटांच्या परिषदेची तरतूद असून ती प्रत्यक्षात यावी ही तेथील जुनी मागणी आहे. देशाच्या अधिकृत नावात या दोन बेटांचा समावेश करण्याचा प्रस्तावही २०१६ च्या सातांपैकी एक होता (प्रश्न ११). बेरिलनंतर मदत, पाणी आणि सामान बोटीने मुख्य बेटावरून यावे लागले, तेव्हा निर्णयाचा अधिकार जवळ असण्याची गरज अधिकच तीव्रपणे जाणवली.

१८. बार्बाडोस प्रजासत्ताक झाला. ग्रेनेडाही तसा होऊ शकतो का?

होऊ शकतो, पण वाट वेगळी आहे. बार्बाडोसने ३० नोव्हेंबर २०२१ रोजी राजपद सोडले ते संसदेच्या दोन-तृतीयांश बहुमताने. त्याच्या घटनेत सार्वमताची अट नव्हती. ग्रेनेडाच्या घटनेत राजपदाशी संबंधित कलमे विशेष संरक्षित आहेत. ती बदलण्यासाठी प्रतिनिधिगृहात दोन-तृतीयांश सदस्यांचा पाठिंबा आणि त्यानंतर सार्वमतात वैध मतांपैकी दोन-तृतीयांश मते, अशी दोन्ही पायऱ्यांची अट आहे. शेजारच्या सेंट व्हिन्सेंटमध्येही सार्वमताला हीच मर्यादा आहे, आणि २००९ मध्ये तेथे राजपद हटवणारी नवी घटना मांडली गेली तेव्हा ती निम्मी मतेही मिळवू शकली नाही. क्रांतीच्या काळात, घटना स्थगित असतानासुद्धा, ग्रेनेडाने राणीला राष्ट्रप्रमुख म्हणून कायम ठेवले होते आणि गव्हर्नर-जनरल पॉल स्कून पदावर राहिले होते. १९८३ मध्ये सरकार नाहीसे झाले तेव्हा घटनात्मक अधिकार असलेले तेच एकटे उरले आणि अंतरिम प्रशासन त्यांनीच नेमले. प्रजासत्ताकाचा विचार करताना, या पदाची जागा घेणाऱ्या राष्ट्राध्यक्षाला अशा प्रसंगी कोणते अधिकार असतील, हे मसुद्यात आधी स्पष्ट करावे लागेल.